मागून न येणारे शब्द

पक्षाघाताचा झटका आलेल्या माणसाला भेटायला लोक येतात, तेव्हा खाटेजवळ उभं राहून बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात. "मला ओळखलंत का? सांगा बघू, मी कोण?" मेहुणा विचारतो, शेजारीण विचारते, रात्रीच्या गाडीने मुंबईहून आलेली लेक विचारते. विचारण्यामागे माया असते, धास्तीही असते. खाटेवरचा माणूस बघत राहतो. ओठ हलतात, कसलातरी आवाज निघतो, डोळे भरून येतात. मग विचारणारा मागे वळून बाकीच्यांना हळूच सांगतो, "काही कळत नाही ओ त्यांना आता." खाटेवरच्या माणसाला हे वाक्य ऐकू जातं. पुष्कळदा त्याला ते समजतंही.

मी सोलापुरात वाचा-उपचाराचं काम करते. कागदावर स्पीच थेरपिस्ट. लोकांच्या तोंडी 'बोलायला शिकवणाऱ्या मॅडम'. शिकले मुंबईत, पण काम सगळं इथलं. अक्कलकोट, बार्शी, पंढरपूर, सीमेपलीकडून विजयपूर, कलबुर्गी असे चहूकडून पेशंट येतात. लहान मुलांचं उशिरा बोलणं, तोतरेपण, ऐकू न येणाऱ्या मुलांची भाषा हे सगळंच आमच्या कामात मोडतं. पण ज्या आजाराने मला भाषा म्हणजे काय हे नव्याने शिकवलं, तो वाचाघात. डॉक्टर त्याला अफेजिया म्हणतात. मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागाला रक्त पोचवणाऱ्या धमनीत गुठळी अडकली किंवा ती फुटली, की तिथल्या पेशी मरायला लागतात. उजव्या हाताने काम करणाऱ्या जवळजवळ सगळ्यांची भाषा मुख्यत्वे डाव्या मेंदूत असते आणि उजव्या हातापायाचा ताबाही तिथेच, शेजारीच असतो. म्हणून उजवी बाजू लुळी पडते तेव्हा तिच्याबरोबर बोलणंही जाताना दिसतं. पक्षाघात झालेल्या साधारण दर तिघांपैकी एकाला वाचाघात होतो. अपघातात डोक्याला मार लागून किंवा मेंदूतल्या गाठीमुळेही तो होतो.

आमच्याकडे पोचेपर्यंत बहुतेक घरांनी वेखंड उगाळून जिभेला लावून झालेलं असतं. "जीभ जड झालीय मॅडम, सुटत नाही." जीभ खरोखर लुळी पडण्याचा आजारही आहे, पण तो निराळा. त्यात शब्द सापडलेला असतो, उच्चार लडबडतो, आणि असा माणूस पाटीवर बिनचूक लिहून दाखवतो. वाचाघातात शब्दच सापडत नाही. त्यामुळे पाटी-पेन्सिल दिली तरी हात थबकतो. लिहिणं, वाचणं, दुसऱ्याचं बोलणं समजणं या सगळ्यावर कमी-अधिक घाला पडलेला असतो. "बोलता येत नसेल तर लिहून दाखवा ना" असं मुलगा म्हणतो आणि वडिलांना तेही जमत नाही, तेव्हा घरच्यांचा धीर सुटतो. इथेच त्यांची समजूत होते की डोकंच गेलं.

जिभेत दोष नाही हे दाखवायला मी एक साधी गोष्ट करते. पेशंटला म्हणते, "फुंकर मारा." त्याला जमत नाही. तोंड वेडंवाकडं होतं, तो घामाघूम होतो, पण फुंकर येत नाही. मग कुणीतरी गरम चहाची बशी त्याच्या डाव्या हातात देतं. बशी ओठाशी नेताना तो आपसूक फुंकर घालतो. तेच ओठ, तोच श्वास. सांगून केलेली फुंकर मेंदूला काढता आली नाही, गरजेपोटी आलेली आली. लंडनचे डॉक्टर जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हाच भेद बोलण्याच्या बाबतीत मांडला. विचार करून, जुळवून केलेलं बोलणं एक. आणि सवयीने, भावनेच्या भरात, पाठांतराने आपोआप येणारं बोलणं दुसरं. वाचाघातात पहिलं जातं आणि दुसरं पुष्कळदा शिल्लक राहतं. मेंदूविज्ञान तेव्हापासून फार पुढे गेलं, पण माझ्या रोजच्या कामात मला सर्वांत उपयोगी पडलेलं वाक्य अजूनही जॅक्सन यांचंच आहे.

एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर माझ्याकडे यायचे. सगळे त्यांना अण्णा म्हणत. उजवा हात गळ्यात बांधलेला, पाय ओढत चालायचे, आणि तोंडात एकच बोल, 'बरं का'. भूक लागली तरी 'बरं का', राग आला तरी 'बरं का'. पण त्या दोन शब्दांना सूर किती! विचारताना चढा, विनवताना लांबवलेला, चिडल्यावर तोडून टाकलेला. सुराचा बराचसा कारभार उजव्या मेंदूकडे असतो आणि त्यांचा उजवा मेंदू धडधाकट होता. त्यांच्या बायकोला त्या सुरावरून निम्मं अधिक समजत असे. अपरिचिताला मात्र वाटे, हा माणूस एकच रट लावून बसलाय.

पाण्याचा पेला दाखवून हे काय विचारलं की अण्णांचं 'बरं का'. घड्याळ, चप्पल, भाकरी, सगळ्याला तेच. एकदा त्यांच्या बायको बोलता बोलता म्हणाल्या की गल्लीतला जुना दोस्त दारावरून हाक मारून गेला तर हे खणखणीत 'का बे' म्हणाले, आणि नंतर कितीही आग्रह केला तरी पुन्हा म्हणाले नाहीत. सोलापुरात 'का बे'शिवाय दोस्ती नाही. ती हाक आणि ते उत्तर आयुष्यभर एकत्र घडलेलं. मला धागा मिळाला. मी बोटांनी टेबलावर ताल धरला आणि एक, दोन म्हणून थांबले. तीन, चार, पाच करत अण्णा पुढे निघाले. सोमवार म्हटलं, मंगळवार आला. मग मी म्हटलं, "सोलापूर-पुणे." आणि थांबले.

अण्णांची पाठ ताठ झाली. डावा हात हवेत उठला, जणू दोरी ओढायला. "पाकणी, मोहोळ, शेटफळ, मोडनिंब, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण…" एकही गाव न चुकवता ते हडपसरपर्यंत गेले. त्यांच्या बायकोने पदर डोळ्यांना लावला. मी लगेच विचारलं, "अण्णा, मोहोळनंतर कुठलं गाव?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ओठ जुळवले, मान हलवली. "बरं का." अर्ध्या मिनिटापूर्वी तोंडातून निघालेलं गाव मागितल्यावर सापडेना.

शेटफळ त्यांच्या मेंदूतून पुसलं गेलेलं नव्हतं. रांगेत ते आपल्या जागी उभं होतं. त्याला रांगेतून एकटं बाहेर काढून, आत्ता, या माणसासाठी, या कारणासाठी वापरायचं, ते काम करणारी यंत्रणा जखमी झाली होती. आमचे पुढचे महिने त्या कामात गेले. ओळ म्हणता म्हणता मधेच थांबायचं. थांबलेल्या गावावर बोट ठेवायचं. तिथली काही ओळखीची गोष्ट काढायची. मग ओळ न म्हणता थेट त्या गावाकडे जायचा प्रयत्न. अमेरिकेत नॅन्सी हेल्म आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या सुमारास अशीच पद्धत मांडली. पेशंटच्या तोंडून आपोआप सुटणारे खरे शब्द टिपून घ्यायचे आणि तेच शब्द हळूहळू त्याच्या स्वाधीन करायचे. बाहेरून नवे शब्द आणून लादायचे नाहीत. अण्णांच्या स्वाधीन झालेला पहिला शब्द 'तिकीट' होता. दुसरा बायकोचं नाव. त्यांच्या पिढीत नवरा बायकोचं नाव चारचौघांत घेत नाही, आणि ते त्यांनी माझ्या खोलीत, दोन अनोळखी पेशंटांसमोर घेतलं.

वाचाघाताचा सर्वांत प्रसिद्ध पेशंट एक कारागीर होता. लेबोर्न हे त्याचं आडनाव. पॅरिसमध्ये तो बुटांचे लाकडी साचे बनवायचा. तिशीच्या आसपास त्याची वाचा गेली, आणि बिसेत्र इस्पितळात तो एकवीस वर्षं राहिला. काहीही विचारलं तरी 'तां, तां' म्हणायचा, म्हणून सगळे त्याला तांच म्हणायचे. एप्रिल १८६१मध्ये पाय सडल्यामुळे त्याला शल्यविभागात आणलं. तिथे पॉल ब्रोका यांनी त्याला तपासलं. थोड्याच दिवसांत, १७ एप्रिलला, तो वारला. ब्रोका यांनी त्याचा मेंदू काढून पाहिला. कपाळामागच्या डाव्या भागात, खालच्या बाजूला खड्डा पडलेला होता. बोलण्याची शक्ती मेंदूच्या एका ठरावीक जागेशी जोडून दाखवणारा तो पहिला ठळक पुरावा. ती जागा आजही ब्रोका यांच्या नावाने ओळखली जाते, आणि वैद्यकाचा प्रत्येक विद्यार्थी हे पाठ करतो.

मला त्या नोंदींतला दुसराच प्रसंग महत्त्वाचा वाटतो. ब्रोका यांनी लेबोर्नला विचारलं, इथे येऊन किती वर्षं झाली? त्याने डाव्या हाताचा पंजा चार वेळा उघडला आणि मग एक बोट वर केलं. एकवीस. अगदी बरोबर. दुसऱ्या दिवशी ब्रोका यांनी तोच प्रश्न विचारला. तेच उत्तर आलं. तिसऱ्यांदा विचारला तेव्हा लेबोर्नच्या ध्यानात आलं की हा आपली परीक्षा घेतोय. तो भडकला आणि त्याच्या तोंडून देवाच्या नावाने एक कडक शिवी सुटली. ब्रोका यांनी ती शिवी त्याच्या तोंडून त्या एकदाच ऐकली. म्हणजे त्याला माहिती होती, हिशेब होता, अपमानाची जाण होती, आणि रागाच्या वाटेने शब्दसुद्धा होते. एकवीस वर्षं ज्याला लोक 'तां' म्हणत आले त्या माणसाच्या आत हे सगळं शाबूत होतं.

लेबोर्नचा मेंदू फेकून दिला नाही, तो पॅरिसमध्ये जपून ठेवला गेला. २००७ साली नीना ड्रॉंकर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या एमआरआय अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. इजा पृष्ठभागावरच्या त्या खड्ड्यापुरती नव्हती. ती खोलवर, मेंदूचे मागचे-पुढचे भाग जोडणाऱ्या तंतूंच्या जुडग्यापर्यंत पोचली होती. आज भाषेबद्दल बोलताना एका ठाण्यापेक्षा ठाण्यांमधल्या जोडण्यांवर भर दिला जातो तो अशाच निष्कर्षांमुळे. मी घरच्यांना स्कॅनची फिल्म दाखवताना डागावर बोट ठेवून थांबत नाही; सांगते की इथून जाणाऱ्या वाटा तुटल्यात, दुसऱ्या वाटा अजून आहेत, त्या आपल्याला शोधायच्यात.

आता दुसऱ्या टोकाची एक गोष्ट. बार्शीकडच्या एक निवृत्त शिक्षिका. एका सकाळी उठल्या आणि काहीबाही बोलायला लागल्या. हातपाय ठणठणीत, चेहरा सरळ, चालणं सरळ. त्यामुळे पक्षाघात असेल असं कुणाच्याही मनात आलं नाही. वेड लागलं, बाहेरचं काही झालं, असं म्हणून घरच्यांनी आधी देवर्ष्याला दाखवलं, मग मनोविकाराची औषधं सुरू झाली. स्कॅन निघेपर्यंत बरेच दिवस वाया गेले होते. कानाच्या वरच्या-मागच्या डाव्या भागात गुठळीने नुकसान केलेलं. कार्ल वेर्निके यांनी १८७४ साली ब्रेस्लाउ इथे, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, याच प्रकाराचं वर्णन केलं होतं. बोलणं अस्खलित, पण अर्थाला पारखं. आणि समोरच्याचं बोलणं समजणं अवघड.

बाई माझ्यासमोर बसून वर्गात शिकवाव्या तशा बोलत होत्या. मी शेंगांच्या चटणीचं चित्र दाखवलं. "ही ना, ही गोबडी. आम्ही त्या दिवशी पुष्कळ गोबड्या आणल्या होत्या, पण त्यांनी एकही ठेवली नाही बघा." गोबडी हा शब्द मराठीत नाही. पण त्यांनी त्याला स्त्रीलिंग दिलं, त्याचं अनेकवचन नियमाने 'गोबड्या' केलं, क्रियापद त्याच्याशी जुळवून 'आणल्या' केलं, आणि पुढे 'एकही ठेवली'. एका निरर्थक शब्दाभोवती व्याकरणाने आपलं काम चोख केलं होतं. अण्णांचं नेमकं उलटं. ते पुढे सुधारल्यावर बोलायचे ते असं: "काल… दवाखाना… पोरगा… रिक्षा… पैसे… दोनशे." शब्द सगळे खरे, अर्थ नेमका, पण 'ने' नाही, 'ला' नाही, 'गेलो' नाही, 'दिले' नाही. सोलापुरात कापड विणणाऱ्याला हे सांगायला नको. धड कापडात उभा धागा कुठला आणि आडवा कुठला ते डोळ्याला दिसत नाही, फाटलं की दोन्ही वेगळे लोंबतात. शब्दाचा अर्थ, शब्दाचा आवाज, आणि शब्दांना जोडणारं व्याकरण ही तीन कामं आपण बोलताना एकच वाटतात. चित्र दिसल्यापासून त्याचं नाव तोंडातून बाहेर पडायला निरोगी माणसाला साधारण सहाशे मिलिसेकंद लागतात; एवढ्या वेळात ती तीन कामं होऊन जातात, कळायला फुरसत कुठली?

व्याकरणाचं हे प्रकरण समजण्याच्या बाजूनेही दिसतं. अण्णांसमोर मी दोन चित्रं ठेवत असे. एकात सासू सुनेला हाक मारतेय, दुसऱ्यात सून सासूला. "सासूने सुनेला हाक मारली" म्हटलं की बोट बरोबर चित्रावर. "सुनेला सासूने हाक मारली" म्हटलं की बोट अडखळायचं आणि बऱ्याचदा चुकीच्या चित्रावर जायचं. अर्थ तोच, शब्द तेच, फक्त क्रम उलटा. 'ने' आणि 'ला' या चिमुकल्या प्रत्ययांवर मराठीत कोण कर्ता आणि कोण भोगणारा हे ठरतं. त्यांच्यावरची पकड ढिली झाली की माणूस क्रमावर भिस्त ठेवतो. पहिला आला तो करणारा. "पोराला कुत्रा चावला" या वाक्यात मात्र अण्णा कधी चुकले नाहीत, कारण पोरं कुत्र्यांना चावत नाहीत हे त्यांना जगाच्या अनुभवाने माहीत होतं. १९७६ साली कॅरामाझा आणि झुरिफ यांनी इंग्रजी भाषकांवर असाच प्रयोग करून दाखवलं की ब्रोका प्रकारच्या पेशंटना 'समजतं सगळं, फक्त बोलता येत नाही' हे पूर्ण खरं नाही. हे घरी सांगणं मला फार गरजेचं वाटतं. 'त्यांना काही कळत नाही' हेही चूक, आणि 'त्यांना सगळं कळतं' म्हणून भराभर लांबलचक बोलत सुटणंही चूक. कळतं, पण सरळ क्रमातलं, थोडं थांबून सांगितलेलं, एका वेळी एकाच माणसाने बोललेलं.

आमच्या गावात भाषेचा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा. सोलापूरच्या पूर्व भागात घरात तेलुगू, कारखान्यात मराठी, बाजारात दख्खनी, शेजारी कन्नड. वाचाघात झाला की कुठली भाषा आधी परत येते? रिबो यांनी १८८१ साली म्हटलं की जी आधी शिकली ती. पित्र यांनी १८९५ साली म्हटलं की जी आजाराआधी जास्त वापरात होती ती. माझ्यासमोर एक विड्या वळणाऱ्या अक्का होत्या. माहेर-सासरची बोली तेलुगू. पाणी हवं असलं की 'नीळ्ळु' म्हणायच्या, ते लवकर जमलं. पण मी विड्यांचा हिशेब काढला, जुड्या किती, पानं किती खराब निघाली, तंबाखू किती मिळाली, की त्या मराठीत यायच्या, कारण हा सगळा व्यवहार त्यांनी आयुष्यभर मराठीत केला होता. रिबो आणि पित्र दोघेही थोडे थोडे बरोबर. एकाच माणसाच्या मेंदूत भाषा अशी कामाकामाने वाटलेली असू शकते. त्यामुळे मी घरच्यांना सांगते, "आता यांना एकच भाषा शिकवा" असला हट्ट धरू नका. ज्या कामाची जी भाषा, त्या कामात तीच राहू द्या.

चाचण्यांचं साहित्य हीसुद्धा आमची जुनी तक्रार. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या बॉस्टनच्या चाचणीतलं चित्र जगभर वापरलं जातं. स्वयंपाकघर, वाहतं सिंक, भांडी पुसणारी बाई, स्टुलावर चढून बरणीतली बिस्किटं चोरणारा मुलगा. उभ्या ओट्यावर आयुष्यात स्वयंपाक न केलेल्या आजीसमोर ते ठेवलं की ती गप्प बसते. ते गप्प बसणं आजाराचं की चित्राच्या परकेपणाचं, कसं ठरवायचं? मी आठवडी बाजाराचं चित्र काढून घेतलंय. मिरच्यांचे ढीग, तराजू, पळून जाणारी शेळी, तिच्यामागे धावणारी पोर. त्यावर तीच आजी बोट ठेवून दोन शब्द तरी बोलतेच.

गाण्याबद्दल लोक आवर्जून विचारतात. एक शब्द न बोलणारे वारकरी आजोबा हरिपाठ सुरू झाला की टाळाबरोबर ओळीमागून ओळी म्हणतात, तेव्हा घरच्यांना चमत्कार वाटतो. बॉस्टनमध्ये १९७३ साली अल्बर्ट, स्पार्क्स आणि हेल्म यांनी सूर-तालाचा आधार घेऊन बोलतं करण्याची पद्धत मांडली. साधं वाक्य दोन सुरांत, डाव्या हाताने ठोका देत म्हणायचं आणि हळूहळू सूर काढून घ्यायचा. त्यात काम सुराचं किती, तालाचं किती, यावर संशोधकांचं एकमत नाही. एवढं खरं की पाठ असलेलं गाणं म्हणता येणं हे बोलणं नव्हे. हरिपाठ म्हणणाऱ्या आजोबांना 'पाणी दे' म्हणता यायला निराळी मेहनत लागते. पण हरिपाठ म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर जे येतं त्यासाठी तरी टाळ त्यांच्या डाव्या हातात द्यावा.

या कामात इतकी वर्षं काढल्यावर माझं एक मत पक्कं झालंय. घरात सकाळपासून रात्रीपर्यंत चालणारी परीक्षा पेशंटला सर्वांत जास्त खचवते. 'हे काय आहे, सांगा.' 'नातवाचं नाव काय?' 'नीट म्हणा, पुन्हा म्हणा.' मागितलेला शब्द हाच त्याच्या आजाराचा सर्वांत दुखरा बिंदू, आणि आपण दिवसभर तिथेच बोट दाबतो. त्यापेक्षा मागणं बंद करून बोलायला लागावं. "मी आलेय, तुमची भाची, बार्शीहून" असं आपणच सांगावं. चहा की दूध, दोन्ही समोर ठेवून विचारावं, म्हणजे बोटानेही उत्तर देता येतं. टीव्ही बंद करावा. तो शब्द शोधत असेल तर थांबावं. आपल्याला फार लांबल्यासारखं वाटतं तितकं थांबावं. चुकीचा शब्द आला, चमच्याला डाव म्हटलं, तरी आपल्याला समजलं असेल तर पुढे जावं, दुरुस्ती करत बसू नये. हिशेबात, लग्नकार्याच्या बोलण्यात, घर विकायच्या निर्णयात त्याला बसवावं. तो मान हलवेल, भुवया उंचावेल, एखादा 'हं' म्हणेल. ते त्याचं मत आहे.

सुधारणा पहिल्या काही महिन्यांत वेगाने होते म्हणून उपचार लवकर सुरू व्हावेत. पण वर्ष उलटलं म्हणजे दार बंद झालं असं नाही. पुढेही वर्षानुवर्षं शब्द परत येताना मी पाहिलेत. आणि चेहरा वाकडा होणं, हातातली ताकद जाणं यांच्याइतकंच एकाएकी बोलणं असंबद्ध होणं हेही पक्षाघाताचंच लक्षण आहे, हे प्रत्येकाने ध्यानात ठेवावं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. बार्शीच्या बाईंना ती संधी मिळाली नाही.

एक शेवटची, कामाची गोष्ट. आमच्या एका पेशंटला पेन्शनच्या कामासाठी गेलेल्या कचेरीत नाव सांगता आलं नाही म्हणून 'मनाने दुबळा' ठरवलं आणि दुसऱ्याच्या ताब्यात द्यायचा सल्ला दिला. असं कुणाच्या वाट्याला आलं तर माहीत असू द्या. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली झाला आणि १९ एप्रिल २०१७पासून लागू आहे. त्याच्या परिशिष्टातल्या एकवीस दिव्यांगत्वांमध्ये वाचा व भाषा दिव्यांगत्व स्वतंत्रपणे दिलेलं आहे. कायमस्वरूपी राहिलेल्या अशा दिव्यांगत्वाचं कारण म्हणून अफेजियाचा उल्लेख तिथे नावानिशी आहे. मानसिक आजार आणि बौद्धिक दिव्यांगत्व यांच्या नोंदी त्याच परिशिष्टात वेगळ्या आहेत. युडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, अर्ज भरताना आपल्या माणसाची नोंद योग्य रकान्यात होतेय ना, हे स्वतः वाचून बघा, आणि अर्ज भरायला जाताना त्याला बरोबर घेऊन जा.